दिवेलागण, गिरणीचा दिवा आणि छतावरची पट्टी



आजचा विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास, अर्थकारण, धर्म, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची परंपरा आहे. त्या परंपरेत ‘घराच्या छतावर दिव्यांची पट्टी बसवणे’ हा विषय घेऊन एखादा कामगार संघटक उभा राहतो, हे थोडे विचित्रच. परंतु मी काही विद्यापीठात इतिहास शिकलेला माणूस नव्हे. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून, आणि जे समजले ते कामगारांच्या सोबत राहून. अशा माणसाला इतिहास बहुधा लहान वस्तूंतूनच दिसतो. राजवाड्याकडे पाहिले म्हणजे तो बांधून घेणाऱ्याचे नाव सापडते. दिव्याकडे पाहिले म्हणजे तो लावणाऱ्या हाताची आठवण होते.

आपल्या बावधनमध्ये गेल्या पंचवीसतीस वर्षांत किती घरे उभी राहिली, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. बावधन खुर्द १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेले. बावधन बुद्रुक मुळशी तालुक्याची ग्रामपंचायत म्हणून २०२१ पर्यंत राहिले आणि मग तेही महापालिकेत आले. रामनदीच्या काठची शेते गेली, त्यांच्या जागी दहाबारा मजल्यांच्या इमारती आल्या. ह्या इमारतींतून नवे घर लावणारा माणूस हल्ली वायरमनला एक गोष्ट हमखास सांगतो : ‘हॉलमध्ये ट्रॅक लाइट पाहिजे.’ ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ॲल्युमिनियमची एक लांब पन्हळ छताला पक्की करतात. तिच्या आतल्या बाजूस तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज खेळते. दिवा त्या पन्हळीत घालून नव्वद अंशांत फिरवला की तो अडकतो आणि पेटतो. आज तो सोफ्यावर पाडा, उद्या सरकवून भिंतीवरच्या चित्रावर पाडा. दिवा जेथे टांगला तेथेच जन्मभर राहिला पाहिजे, हे बंधन गेले.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील लाइटोलियर नावाच्या कंपनीने अशी पट्टी बाजारात आणली, ती प्रथम दुकाने आणि चित्रदालने यांतून वापरात आली आणि हळूहळू घरात शिरली. पण मूळ युक्ती आणखी जुनी आहे. विजेची तार वाटेच्या बरोबरीने ताणून ठेवावयाची, आणि जे फिरते आहे त्याने तिला स्पर्श करीत जेथे असेल तेथे वीज घ्यावयाची, ही युक्ती ट्रामची आहे. १८८८ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग ह्या इंजिनिअरने विजेच्या ट्रामचे जाळे यशस्वी करून दाखवले. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी सुटली. १ जून १९३० पासून आपली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावर धावू लागली. छतावरच्या पट्टीत सरकणारा तो चिमुकला दिवा ह्या सगळ्यांचा नातू आहे. आजोबा माणसे वाहून नेत होते, नातू उजेड वाहून नेतो, एवढाच फरक.

येथवर सारे गोड आहे. परंतु वंशावळ सांगावयाची तर ती पुरती सांगावी. ही वीज आपल्या घरात पोहोचली ती कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर कोणाकोणाचे काय गेले, हे पाहिल्याखेरीज दिव्याचा इतिहास पुरा होत नाही.

आपल्या भाषेत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे : दिवेलागण. सूर्य मावळला, गाईगुरे गोठ्यात आली, देवापुढे समई किंवा ओसरीत पणती लागली, ती वेळ दिवेलागणीची. ह्या शब्दात दिवा लागणे आणि काम थांबणे ह्या दोन गोष्टी एकत्र आहेत. शेतकऱ्याचा दिवस सूर्याबरोबर संपत असे, कारण एरंडेलाच्या किंवा पुढे रॉकेलच्या दिव्यावर नांगर चालत नाही. बाईचे काम दिव्यानंतरही चालू राही, हे खरे, आणि ते कोणी मोजलेही नाही. परंतु मजुरीचे काम तरी अंधार थांबवीत असे. गरिबाच्या बाजूने उभा राहणारा जुना कायदा एकच होता, तो म्हणजे अंधार.

मुंबईत गिरण्या आल्या तेव्हाही हा अंधाराचा कायदा काही काळ चालला. गिरणीचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांहून अधिक आणि हिवाळ्यात दहाअकरा तास. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, तो मुलांपुरता. प्रौढ माणसाने किती तास राबावे ह्यावर सरकारचे म्हणणे काहीच नव्हते. अशा वेळी १८८४ साली ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. आणि ह्यांच्या जोडीला एक मागणी अशी की, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे.

ह्या शेवटच्या मागणीवर क्षणभर थांबावे असे मला वाटते. लोखंडे यांनी सकाळची वेळ घड्याळावर मागितली, आणि संध्याकाळची वेळ सूर्यावर मागितली. घड्याळ मालकाचे, त्याचा काटा मालकाच्या सोयीने फिरू शकतो. सूर्य कोणाचा नोकर नव्हे. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. परंतु सूर्यास्ताची मर्यादा मात्र कायद्यात कधीच आली नाही, आणि थोड्याच वर्षांत ती निरुपयोगी झाली. ती निरुपयोगी करणारी वस्तू म्हणजे विजेचा दिवा.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले होते. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेच्या दिव्याचा प्रयोग झाला. ज्या कंपनीने तो केला ती पुढल्याच वर्षी बुडाली. त्यानंतर वीस वर्षे वीज म्हणजे शहरात नवलाईची वस्तू राहिली. पण गिरणीमालकाला तिच्यात नवलाईपेक्षा अधिक काही दिसत होते. गॅसच्या उघड्या ज्योतीला कापसाच्या गिरणीत आगीचे भय. विजेच्या काचेच्या फुग्याला ते भय पुष्कळच कमी. काही गिरण्यांनी हे दिवे आधीच बसवले होते. १९०५ च्या सुमारास सुताला मोठी मागणी आली, तेव्हा ते भराभर बसू लागले. परिणाम काय झाला? पहाटे पाचला भोंगा, आणि सुटका रात्री आठला. चौदा-पंधरा तासांचा दिवस. ज्या दिव्याने मुलाला रात्री पुस्तक वाचता यावे, त्याच दिव्याने त्या मुलाच्या बापाला रात्री घरी येऊ दिले नाही.

तेव्हा कामगारांची संघटना म्हणावी अशी उरलेली नव्हती. लोखंडे १८९७ साली वारले होते. तरीही १९०५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गिरणगावातला कामगार स्वतःच्या बळावर उठला. लोक दिवेलागणीला यंत्रे सोडून बाहेर पडू लागले. काही गिरण्यांवर दगडफेक झाली, पोलीस आले. खुद्द ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या इंग्रजी पत्रानेही ह्या लांबलेल्या तासांवर टीकेची झोड उठवली. दगडफेकीचे मी समर्थन करीत नाही. पण ज्याच्या हातात कागद नाही, कायदा नाही आणि मत नाही, त्याच्या हातात काय उरते, ह्याचाही विचार इतिहासाने केला पाहिजे. त्या दंग्याला मी दिव्याविरुद्धचा दंगा म्हणणार नाही. ती माणसे उजेडाची शत्रू नव्हती. दिव्याचे बटण कोणाच्या हाती असावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ह्या उठावाचे फळ उशिरा आले, पण आले. १९०६ मध्ये सरकारने फ्रीर-स्मिथ समिती नेमली, १९०७ मध्ये फॅक्टरी लेबर कमिशन नेमले. कमिशनच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालणे पसंत नव्हते. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे एकटे सभासद भिन्न मताचे निघाले. थेट मर्यादा घातलीच पाहिजे, असे त्यांनी लिहून दिले. १९११ च्या कारखाना कायद्यात कापडगिरण्यांपुरती बारा तासांची मर्यादा आली, ती ह्या एकट्या माणसाच्या बाजूने इतिहासाने दिलेला कौलच होय. पुढचा हिशेब पाहा. १९२२ साली दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४ साली १० आणि ५४. १९४६ साली ९ आणि ४८. पंधरा तासांवरून नऊ तासांवर यावयाला चाळीस वर्षे लागली. सूर्य जे काम फुकट करीत होता, ते करावयाला कायद्याला चार पायऱ्या चढाव्या लागल्या.

आता ह्याच कथेची दुसरी बाजू. ती आपल्या अंगणातली आहे. बावधनहून चांदणी चौक डाव्या हाताला टाकून पश्चिमेला निघाले की भूगाव, पिरंगुट, पौड, आणि त्यापुढे मुळशीचे धरण लागते. रविवारी कणीस खावयाला आणि पाऊस पाहावयाला आपण तेथे जातो. नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाशी हे पाणी अडवले आहे. हे पाणी का अडवले? तर मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कोकणात खाली सोडावा आणि त्या जोरावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळातली. ते १९०४ साली वारले. त्यांच्या मुलांनी ती पुरी केली. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे. ह्या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या गिरण्या. तिसरी योजना मुळशीची. कंपनीने जमिनी रीतसर ताब्यात येण्याच्या आधीच शेतांतून खोदकाम सुरू केले. पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली जाणार आणि हजारो मावळे आपल्या भाताच्या खाचरांना मुकणार, हे दिसू लागले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पाडले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. ह्याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त ह्या सत्याग्रहाविषयी लिहिले. धरणाविरुद्ध झालेला हा जगातील पहिला संघटित लढा, असे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा इतिहास लिहिताना म्हटले आहे.

हा लढा हरला. का हरला, हे संघटकाने विशेष लक्ष देऊन वाचावे. काम काही महिने थांबले. तेवढ्यात सरकारने भूसंपादनाचा कायदा पुढे केला आणि डिसेंबर १९२१ पासून दुसरी फेरी झाली. पुरुष तुरुंगात गेले, स्त्रियाही गेल्या. परंतु जमिनीवर नाव असलेला आणि जमिनीवर राबणारा, ही दोन माणसे होती. पुण्यातील पुष्कळ सावकारांची नावे त्या जमिनींवर होती, आणि त्यांना नुकसानभरपाईत रस होता. मावळ्याला जमिनीत रस होता. पैशाने ज्याचे नुकसान भरून येते त्याने तडजोड केली, आणि ज्याचे येत नाही तो एकटा पडला. शेवटी थकलेल्या मावळ्यांनीही भरपाई घेतली. डिसेंबर १९२४ मध्ये सेनापती बापटांनी चारदोन साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि पिस्तूल चालवले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

ह्या शेवटच्या प्रसंगाविषयी मला एक बोलावयाचे आहे. सेनापतींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण त्या गाडीत धरणावर राबणारे कामगारच होते. धरणाखाली जमीन गेलेला मावळा आणि त्याच धरणावर माती वाहणारा मजूर, दोघेही पोटासाठी तेथे आलेले, आणि ते एकमेकांसमोर उभे ठाकले. वीज ज्यांच्यासाठी चालली होती ते गिरणीमालक शंभर मैलांवर होते. आणि ज्या गिरणी कामगाराच्या डोक्यावर ती वीज पेटणार होती त्याला मुळशी कोठे आहे हे ठाऊकही नसेल. तीन गरीब तीन ठिकाणी, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आपल्या इतिहासातली पुष्कळ दुःखे ह्या एका न झालेल्या ओळखीतून निर्माण झाली आहेत.

१९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुळशीचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला नेले गेले. सुमारे ५०० मीटर खाली कोसळून ते चाके फिरवू लागले आणि काम झाल्यावर कुंडलिका नदीतून समुद्राकडे जाऊ लागले. जे पाणी मुळेतून वाहत पुण्याच्या संगमावर यावयाचे आणि पुढे भीमेला मिळावयाचे, ते दिशा बदलून कोकणात उतरले. त्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद अजूनही उठतो. वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला गेली. ज्या मावळात ती जन्मली तेथे मात्र रॉकेलची चिमणीच जळत राहिली. मावळ्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या; घरात गेल्या नाहीत.

ही स्थिती बदलावयाला स्वराज्याची वाट पाहावी लागली, आणि त्यातही एक योगायोग मला फार बोलका वाटतो. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. त्याच खात्याकडे विजेच्या नियोजनाचेही काम होते. वीज स्वस्त आणि मुबलक व्हावी, ती नफ्याच्या मेहेरबानीवर राहू नये, सरकारने तिची जबाबदारी उचलावी, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. आणि कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयकही त्यांनीच पुढे नेले. वीज आणि कामाचे तास, १९०५ साली एकमेकांचे वैरी झालेले हे दोन विषय, एका माणसाच्या टेबलावर एकत्र आले. १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला, त्यातून राज्याराज्यांत वीज मंडळे आली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० साली स्थापन झाले. खेड्यांत खांब उभे राहू लागले ते ह्यानंतर. आज देशाचे सगळे वीजजाळे एक झाले आहे. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचा भागही त्यात जोडला गेला. त्यामुळे आपल्या हॉलमधला दिवा कोणत्या पाण्यावर किंवा कोणत्या कोळशावर पेटतो, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण सांगता येत नाही म्हणून देणे फिटत नाही.

आता तार घरात आली. ती घरात कशी बसली, हा वायरमनचा इतिहास आहे आणि तो कोणी लिहीत नाही. आरंभी रबराचे वेष्टण असलेली तार लाकडी पट्ट्यांच्या केसिंगमधून नेत; मग सागवानी बॅटनवर पत्र्याच्या क्लिपा मारून तार ताणली जाई. ज्यांनी जुन्या चाळीतल्या खोल्या पाहिल्या आहेत त्यांना ती भिंतीवरून सरळ रेषेत चाललेली बॅटन, ती काळी वाटोळी बटणे आणि खोलीच्या मध्यभागी वायरीला लोंबणारा होल्डर आठवत असेल. ती रेषा सरळ आली की वायरमनचा हात चांगला, असे लोक म्हणत. त्याची कारागिरी भिंतीवर दिसत असे. पुढे पी.व्ही.सी.चे पाइप आले, तार भिंतीच्या आत गेली, आणि तारेबरोबर कारागीरही दिसेनासा झाला. चांगले काम आणि वाईट काम, दोहोंवर एकाच रंगाचा हात फिरू लागला. छतावरची पट्टी आली तशी तार पुन्हा बाहेर आली आहे; परंतु लोक आता दिव्याच्या रंगाविषयी विचारतात, पट्टी कोणी बसवली हे विचारीत नाहीत.

दिवा मात्र खूप सुधारला, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. जुना शंभर वॅटचा बल्ब खाई तेवढ्या विजेत आज दहादहा वॅटचे दहा एल.ई.डी. दिवे लागतात आणि सातपट तरी उजेड देतात. निळा प्रकाश देणारा एल.ई.डी. शोधून काढणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. तरीही पारितोषिक मिळवणाऱ्याचा दिवा छताला लावण्यासाठी कोणाला तरी शिडीवर चढावेच लागते.

ते काम कसे असावे, हे थोडक्यात सांगतो, कारण इतिहासाचा उपयोग घरी गेल्यावर झाला पाहिजे. मुख्य स्विच बंद केल्याखेरीज छताला हात लावू देऊ नये, आणि बंद केल्यावरही टेस्टरने पाहून घ्यावे. साध्या पट्टीत २३० व्होल्टची वीज उघड्या तांब्यातून खेळते, हे विसरू नये. अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारी चुंबकी पट्टी निराळी, तिला मध्ये ड्रायव्हर लागतो, आणि एकीचा दिवा दुसरीत घालू नये. पट्टी पी.ओ.पी.च्या किंवा जिप्समच्या नुसत्या बोर्डावर ठोकू नये. तो बोर्ड वजन धरीत नाही. स्क्रू वरच्या लोखंडी चॅनेलमध्ये किंवा स्लॅबमध्ये गेला पाहिजे. अर्थिंगची तार जोडल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. वीज गळताच पुरवठा तोडणारे यंत्र मीटरच्या बोर्डात असावे. पट्टीचे मोकळे टोक टोपण लावून बंद करावे. वायरमनजवळ परवाना आहे की नाही ते विचारावे. तो विचारण्यात त्याचा अपमान नाही, उलट त्याच्या विद्येचा मान आहे. आणि शिडी धरावयाला दुसरा माणूस असावा. दोन माणसांची मजुरी द्यावी लागते म्हणून पुष्कळ ठिकाणी हा दुसरा माणूस नसतो.

मी संघटनेच्या कामात अशा माणसांना भेटतो. मराठवाड्यातून आलेला एक तरुण वायरमन ह्याच भागात एका नव्या घरात छताचे काम करताना शिडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. ठेकेदाराने पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा खर्च दिला आणि पुढे फोन उचलणे सोडले. घरमालक सज्जन होता. पण तो म्हणाला, ‘मी काम ठेकेदाराला दिले होते, ह्याला मी ओळखतही नाही.’ त्यात खोटे काही नव्हते. कायद्यानेही त्याला तशी सवलत होती. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात विजेचे काम बसते. परंतु स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम त्या कायद्याने वगळले होते. दिव्यांची पट्टी बसवणे एवढे महाग कोठे असते! नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला. घरगुती कामाला बाजूला ठेवण्याची रीत काही मोडली नाही. १८८४ साली लोखंडे यांनी मागितले होते की, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत मजुरी मिळावी. गिरणीच्या कामगाराला ती पुढे कायद्याने मिळाली. दिवाणखान्यातल्या कामगाराची ती मागणी अजून उभीच आहे.

आणि तासांचे काय? घर ताब्यात घेण्याचा मुहूर्त जवळ आला की ह्या कामाला दिवेलागण उरत नाही. वायरमन स्वतःच लावलेल्या दिव्याच्या उजेडात रात्री अकरापर्यंत काम करतो. कारखान्यांतूनही हवा बदलत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा तासांना जादा मजुरी आहे आणि कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. ते मी येथे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्याला उद्या कामावरून काढता येते त्याच्या संमतीला किती वजन असते, हे मालकांना आणि आम्हांला दोघांनाही ठाऊक आहे. बारा हा आकडा मी प्रथम १९११ च्या कायद्यात वाचला होता. तेव्हा तो वरून खाली उतरताना भेटला होता. आता तो खालून वर चढताना भेटतो आहे.

श्रोतेहो, मी आपणांस दिवे विझवावयाला सांगत नाही. माझ्या घरीही दिवे आहेत, आणि रात्री वाचता आले म्हणूनच मी चार अक्षरे शिकलो. उजेड ही चांगलीच गोष्ट आहे. तिची किंमत एकाने देऊन सुख दुसऱ्याने घेऊ नये, इतकेच. मुळशीच्या मावळ्याचे देणे आपण आता फेडू शकत नाही, १९०५ च्या गिरणी कामगाराचेही नाही. परंतु जो माणूस आज आपल्या छताखाली शिडीवर उभा आहे, त्याचे देणे फेडणे आपल्या हातात आहे, आणि ते फार मोठे नाही. त्याचे नाव विचारावे. त्याचा परवाना पाहावा. ठेकेदाराशी करार करताना अपघाताचा विमा कोण उतरवणार हे कागदावर लिहून घ्यावे. त्याच्याबरोबर दुसरा माणूस आहे की नाही ते पाहावे, नसेल तर आपण स्वतः शिडी धरावी. आणि सूर्य मावळला की त्याला म्हणावे, ‘दिवेलागण झाली, उरलेले काम उद्या.’